‘नॉर्मल’ पाऊस म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘यंदा मान्सून नॉर्मल’ असे शब्द पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांत वाचले, की आमच्याकडे नदीकाठचे अनेकजण यंदा पुराची धास्ती नाही असे समजून चालतात. २०२१ साली माझ्या शेजाऱ्यांनी याच भरवशावर धान्याची पोती खालीच ठेवली होती, ती भिजली.

‘नॉर्मल’ हे विशेषण ज्या लॅटिन ‘नॉर्मा’वरून आले, त्याचा अर्थ सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. गुण्याला लागते ते नॉर्मल. भूमितीत लंबरेषेला आजही नॉर्मलच म्हणतात. पुढे ‘नियमाला धरून असलेले’ आणि मग ‘नेहमीचे’ असे अर्थ त्याला येत गेले. आपल्या बोलण्यात मात्र हा शब्द रुळला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, दवाखान्यामुळे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’, ‘डिलिव्हरी नॉर्मल झाली’ असे ऐकले की जीव भांड्यात पडतो आणि म्हणून नॉर्मल म्हणजे ‘काळजीचे कारण नाही’ हाच अर्थ मनात पक्का बसला आहे.

हवामान विभागाच्या लेखी हा शब्द निव्वळ हिशेबाचा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात मिळून झालेला पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के भरला, की मान्सून नॉर्मल. तो कोठे आणि किती दिवसांत कोसळला, हे त्यातून कळत नाही. २०२१ चा मान्सून सरासरीच्या ९९ टक्के होता. त्याच जुलैत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीने ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकून ५५ फूटही ओलांडले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना घरे सोडावी लागली. एकट्या आमच्या जिल्ह्यात गगनबावड्याचा आणि शिरोळचा पाऊस एका मापाने मोजता येत नाही, तेथे देशाच्या सरासरीवरून आम्ही काय ताडणार?

दवाखान्यातला नॉर्मल तेथे खुशाल राहावा, त्याला माझा विरोध नाही. ‘सामान्य पाऊस’ हा पर्यायही मला पटत नाही, कारण सामान्य म्हटले की मामुली असा भास होतो. आपल्या दैनिकाने पावसाच्या बातमीत ‘सरासरीइतका’ हा शब्द वापरावा आणि ती सरासरी देशाची की जिल्ह्याची, हे त्याच ओळीत छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, कोल्हापूर