बाबा, तुमची पाळी आली आहे

लेस्टर, इंग्लंड, ७ मार्च २०२१

ती. बाबा व ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आई, कोविडच्या लसीचा दुसरा डोस अजून कसा नाही म्हणून घाबरू नकोस, मला कुणी विसरलेलं नाही. लस थोडी, माणसं फार. जास्त जणांना पहिला तरी मिळावा म्हणून इथे दोन डोसांत १२ आठवड्यांपर्यंत अंतर ठेवतात. माझा एप्रिलमध्ये आहे.

इथली एक गोष्ट मला अजून उमगत नाही. पाळी येईपर्यंत कुणी ओळख काढत नाही. शेजारच्या आजोबांना केंद्रावर नेलं होतं. वेळ ११.२० ची, पोचलो पावणेअकराला. आत गर्दी नव्हती, तरी ते गाडीतून उतरेनात. म्हणाले, माझ्या आधीच्या माणसाची वेळ मी कशी घेऊ? पस्तीस मिनिटं आम्ही काचेवरचा पाऊस बघत बसलो. घड्याळात वीस झाले तेव्हा त्यांनी स्वेटरचं बटण काढलं आणि दार उघडलं.

यादीत सगळ्यांत वर वृद्धाश्रमातली माणसं आणि त्यांचं करणारे आम्ही, मग ऐंशीच्या पुढचे. म्हणून जानेवारीत मला अठ्ठाविसाव्या वर्षी लस मिळाली, आणि बाबा, सदुसष्टीचे तुम्ही तसेच राहिलात. सुई टोचली तेव्हा तुमचाच दंड डोळ्यांपुढे होता. पण बाहेरून रोग आत नेणार आम्हीच, आणि तो आत शिरला की काय होतं ते मी गेल्या वर्षी रिकाम्या पलंगांच्या चादरी काढताना पाहिलंय. मी कुणाचं हिसकावलं नाही, बाबा.

तिकडे भारतात १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना, आणि यादीतला आजार असेल तर पंचेचाळिशीच्या पुढच्यांनाही सुरू झालंय. "हिच्यासोबतच घेईन" हा हट्ट सोडा. आई ५६ ची, तिला यादीतला आजार नाही, देवाची कृपा. तिची पाळी नंतर येईल. नगरसेवकांना सांगून तिचा नंबर लावू नका, तो कुठल्यातरी म्हाताऱ्याचा जाईल. रविवार कारंज्यावर भाजीला रोज तुम्ही जाता, मग तुमचं आधी झालं तर घरात तिलाही धीर. सरकारी केंद्रात फुकट आहे. खासगीत २५० रुपये, रांग नको असेल तर तिकडे जा. लस दोन्हीकडे तीच, बहुतेक पुण्यात बनलेली.

दादाच्या लग्नाला मे महिन्यात येणं जमेलसं दिसत नाही. सुट्टीचं विचारलंय. कार्यालयाच्या आगाऊसाठी ४० हजार पाठवलेत, येता येत नाही म्हणून पाठवले असं मनात आणू नका. आईची पैठणी माझ्याकडून, रंग तिनेच निवडायचा. आणि माझ्या स्थळाचं आत्ता काढू नका, पुढच्या वर्षी बोलू.

लस घेतलीत की बाही वर केलेला फोटो पाठवा.

तुमची,
मीनू