दीर्घिकेला एकच वय नसते

मा. संपादक,

दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) समूहांवरच्या बातम्यांत ‘ही दीर्घिका १० अब्ज वर्षांची’ असे वाक्य हमखास असते. हा आकडा काढला कसा, हे मात्र कुणी लिहीत नाही.

उदाहरणार्थ, कोमा हा दीर्घिकांचा समूह अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेने, ३० कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या अंतरावरून हाती लागतो तो दीर्घिकेतल्या असंख्य ताऱ्यांचा मिळून एकच वर्णपट. दीर्घिका लाल, म्हणून जुनी, असेही म्हणता येत नाही. जड मूलद्रव्ये (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड अशी सगळीच) जास्त असली तरी लाली येतेच. गाय वर्दी (Guy Worthey) या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले, की वय तिप्पट केले काय किंवा जड मूलद्रव्ये दुप्पट केली काय, रंग जवळपास तोच राहतो.

म्हणून शोषणरेषा, म्हणजे वर्णपटातल्या काळ्या खाचा, मोजतात. ४८६१ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) इथली हायड्रोजनची एच-बीटा रेषा मुख्यतः वय सांगते. ५१७५ च्या आसपासची मॅग्नेशियमची आणि ५२७०, ५३३५ जवळची लोहाची, मूलद्रव्यांचे प्रमाण. गफलत होते ती इथेच. दीर्घिकेत थोडा आयनित (विद्युतभारित झालेला, स्वतः चमकणारा) वायू असला, की त्याचे उत्सर्जन एच-बीटाची खाच भरून काढते आणि दीर्घिका उगाच म्हातारी ठरते. त्यासाठी ५००७ च्या ऑक्सिजन रेषेच्या सुमारे ०.६ पट दुरुस्ती करायचा प्रघात आहे. पण हा गुणक दीर्घिकेगणिक बदलतो. उत्सर्जन ठळक असेल तर ती दीर्घिका वगळलेलीच बरी.

एवढे करूनही मिळते ते प्रकाशाने तोललेले वय. तरुण तारे प्रखर असतात, म्हणून या सरासरीत त्यांचेच वजन जास्त. वस्तुमानाने दोन-चार टक्के तारे अब्जभर वर्षांपूर्वी जन्मले असतील, तर बाकीचे कितीही जुने असोत, आकडा खाली घसरतो. ‘प्रकाशाने तोललेले’ एवढे दोन शब्द तरी छापावेत.

माझ्या मते वयापेक्षा बोलके आहे ते मॅग्नेशियम आणि लोहाचे गुणोत्तर. महाकाय ताऱ्यांचे स्फोट काही कोटी वर्षांतच मॅग्नेशियम उधळतात. बरेचसे लोह येते ते श्वेत बटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून, पुष्कळ उशिरा. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत मॅग्नेशियम वरचढ आहे, म्हणजे तिथे तारकानिर्मिती लोह मिसळण्याआधीच उरकली. लहान दीर्घिकांत ती रेंगाळली.

समूहात शिरणाऱ्या दीर्घिकेचा वायू तिथल्या तप्त वायूच्या दाबाने ओरबाडला जातो; मग नवे तारे जन्मत नाहीत आणि निळी दीर्घिका हळूहळू लाल होते. नॉर्मा समूहातल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेच्या मागे या वायूची लांब शेपटीच दिसते. दूरच्या, म्हणजे भूतकाळातल्या रूपात दिसणाऱ्या, समूहांत निळ्या दीर्घिका जास्त असल्याचे बुचर आणि ओमलर या खगोलशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच नोंदवले होते. त्यांतल्या बऱ्याच नंतर लाल झाल्या. म्हणून आजच्या लाल दीर्घिकांची तुलना दूरच्या फक्त लाल दीर्घिकांशी केली, की या उशिरा लाल झालेल्या दीर्घिका गणतीतून सुटतात आणि सगळा समूह आहे त्याहून जुना भासतो.

आपला,
एक वाचक, पुणे