ग्रुप मेडिक्लेमची कोटेशन्स वाचताना

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

तुझ्या माणसांच्या ग्रुप मेडिक्लेमसाठी, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आरोग्य विम्यासाठी, तू पाठवलेली तिन्ही कोटेशन्स नीट वाचली. तू तिन्हींच्या शेवटच्या आकड्याला गोल केलाय आणि सगळ्यात लहान आकड्यापुढे बरोबरची खूण. ती खूण आधी खोड. एका कोटेशनमध्ये आईवडील आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि तुला आवडलेल्या तिसऱ्यात जुने आजार तीन वर्षं बाहेर ठेवलेत, तेही दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात. माल एक असेल तर भाव बघायचा. इथे मालच तीन तऱ्हेचा आहे.

म्हणून सुरुवात आपल्या यादीपासून कर. भोसरीच्या वर्कशॉपवरची ज्यांची मजुरी महिना २१,००० रुपयांच्या आत आहे ती माणसं ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, आहेतच, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के तू भरतोसच. त्यांना ग्रुपमध्येही घेतलंस तर उत्तम, कायद्याने सक्ती नाही. एखाद्याचा पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च ही चालू सहामाही संपेपर्यंत त्याची वर्गणी भरावीच लागते. त्याला ग्रुपमध्ये घ्यायची तारीख त्यावरून धर. ‘२१,००० च्या वरचे सगळे’ असा निकष कागदावर लिहून दे. हा घेतला, तो सोडला अशी यादी दिसली की विमा कंपनीला वाटतं, आजारी तेवढे निवडून पाठवलेत. बहुतेक कंपन्या सात माणसांपासून ग्रुप देतात, काही वीस मागतात. पगारपत्रकावर नसलेला भाचा किंवा ठेकेदाराची पोरं संख्या भरायला घुसवू नकोस. ग्रुपचा पायाच मालक-नोकर नातं आहे. क्लेमच्या वेळी पीएफ चलन मागितलं तर काय दाखवशील?

आता एक कोरा कागद घे आणि तिन्ही कंपन्यांकडून त्याच कागदावर भाव माग. कव्हर किती, कुटुंब म्हणजे कोण, रूम रेंट किती, जुने आजार पहिल्या दिवसापासून की नाही, बाळंतपण किती, को-पे (क्लेममधला माणसाने स्वतः भरायचा टक्का) किती. सहा ओळी, बास. ब्रोकरला हे जमत नसेल तर ब्रोकर बदल. ब्रोकर एकच नेम आणि त्याला लेटरहेडवर पत्र दे. दोघातिघांनी तीच यादी बाजारात फिरवली तर कंपन्या कोणालाच नीट भाव देत नाहीत. त्याचं कमिशन विमा कंपनी देते, तुझ्याकडून त्याने वेगळं काही मागू नये. त्याला एवढंच विचार: रात्री अकरा वाजता ॲडमिशन डेस्कवर अडलं तर फोन कोण उचलणार? नाव आणि नंबर लिहून घे. ‘आमची टीम आहे’ हे उत्तर धरू नकोस.

सगळ्यात जास्त पैसे कुठे जातात ते सांगतो. रूम रेंट. तुझ्या स्वस्त कोटेशनमध्ये कव्हर ३ लाख आणि खोलीचं भाडं कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. समजा तुझा मशीनिस्ट चार दिवस राहिला आणि त्याने ६,००० ची सिंगल रूम घेतली. त्याचा हिशेब सरळ असतो: रोजचे ३,००० जास्त, चार दिवसांचे १२,००० खिशातून, चालेल. पण बिल तसं कापत नाहीत. बिल २ लाखांचं धर: खोली २४,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग मिळून १,२०,०००, औषधं ४०,०००, तपासण्या १६,०००. हक्काची खोली ३,००० ची आणि घेतलेली ६,००० ची, म्हणजे प्रमाण निम्मं. मग खोली आणि डॉक्टरांचा खर्च, मिळून १,४४,०००, सगळाच निम्मा होतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, ते पूर्ण मिळतात. कंपनी देणार ७२,००० अधिक ५६,०००, म्हणजे १,२८,०००. माणसाच्या खिशातून ७२,०००. बारा हजारांची तयारी ठेवून आलेला माणूस बिलिंग काउंटरवर बहात्तर हजार शोधतो, आणि शिव्या तुला पडतात.

मोठ्या हॉस्पिटलांत खोलीच्या वर्गाप्रमाणे डॉक्टरांची फीही बदलते, म्हणून ही कपात. जिथे सगळ्या खोल्यांना एकच दर आहे तिथे ती लावता येत नाही, आणि आयसीयूच्या खर्चालाही नाही. पण हे वाद घालायचे तेव्हा घालू. त्यापेक्षा कोटेशनमध्येच ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम, कपात नाही’ असं लिहून घे. प्रीमियम थोडा चढेल, चढू दे. पैसे कमी पडत असतील तर बाळंतपणाची मर्यादा ७५,००० ऐवजी ५०,००० कर, आईवडिलांवर को-पे घाल, पण रूम रेंटला हात लावू नकोस.

कव्हर किती घ्यावं? ३ लाखांचा काळ पुण्यात संपला असं माझं मत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हा आयव्हीआयजीची महागडी इंजेक्शनं आणि आयसीयूचे दिवस यांचं बिल कुठे जातं ते शहराने पाहिलं. ५ लाख घे. ते परवडत नसेल तर ३ लाखांचं फॅमिली कव्हर आणि वर कंपनीतर्फे बफर, म्हणजे एखाद्याचं कव्हर संपलं तर वापरायची सामाईक रक्कम. बफर कोणत्या आजारांना आणि कोणाच्या सहीने उघडतो ते मात्र विचारून घे, नाहीतर नुसता शोभेचा.

जुन्या आजारांचं थोडक्यात. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजाराला कव्हर मिळेपर्यंतची वाट (वेटिंग पिरियड) जास्तीत जास्त ३६ महिने. ग्रुपमध्ये ती माफ होते, आणि ग्रुप घेण्याचं निम्मं कारण तेच. मधुमेह, रक्तदाब असलेला चाळिशीचा फोरमन उद्या अँजिओप्लास्टीला गेला तर क्लेम बसला पाहिजे. तीस दिवसांची, पहिल्या वर्षाची आणि बाळंतपणाची नऊ महिन्यांची, या वाटाही माफ आहेत का ते एकेक ओळ वाचून बघ. ‘स्टँडर्ड वेटिंग पिरियड ॲप्लिकेबल’ हे चार शब्द दिसले की ते कोटेशन बाजूला ठेव.

आईवडिलांचा मुद्दा अवघड आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं असं ठेवलंस तर ज्यांचे आईवडील आजारी आहेत तेच घेतील. कंपनीला हे ठाऊक असतं, म्हणून तसा भाव ती चढाच लावते. सगळ्यांना सक्तीने घेतलंस तर माणशी स्वस्त पडतं, पण एकूण रक्कम मोठी. मध्यम मार्ग: सगळ्यांचे आईवडील आत, त्यांच्या क्लेमवर १० किंवा २० टक्के को-पे, आणि मोतीबिंदूला दर डोळ्याला मर्यादा. आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी निवडायची असते. स्वतःची आई आणि सासरा अशी सरमिसळ बहुतेक चालत नाही. आणि ही नावं सुरुवातीलाच द्यायची. नंतर मध्येच फक्त नवी बायको किंवा नवरा आणि नवजात बाळ येतं, तेही लग्नापासून किंवा जन्मापासून साधारण तीस दिवसांत कळवलं तर. आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हरमध्ये आहे ना, हे वेगळं विचार.

यादीची एक्सेल शीट तू स्वतः बघ, अकाउंटंटवर सोपवू नकोस. तिथे तीन चुका हमखास होतात. ०४/०७ चं ०७/०४ होतं, चार जुलैचा माणूस सात एप्रिलचा होतो. ‘००४२’ हा कर्मचारी क्रमांक ‘४२’ होऊन बसतो. आणि बायकोचं नाव यादीत सासरचं, आधारवर माहेरचं. या चुका वर्षभर झोपून राहतात आणि नेमक्या ॲडमिशनच्या रात्री जाग्या होतात. टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) म्हणतो नाव जुळत नाही, हॉस्पिटल म्हणतं मग डिपॉझिट भरा. नावं आधारप्रमाणे, जन्मतारखेचा रकाना टेक्स्ट स्वरूपात, महिना अक्षरांत. ई-कार्डं आली की प्रत्येकाला स्वतःचं कार्ड वाचायला लाव आणि सही घे.

आता सीडी (कॅश डिपॉझिट) बॅलन्स. हे कोटेशनमध्ये कोणी ठळक लिहीत नाही. प्रीमियमखेरीज विमा कंपनीकडे तुझ्या नावाने काही रक्कम जमा राहते. नवा माणूस आला की उरलेल्या दिवसांचा प्रीमियम त्यातून वळता होतो, आणि सोडून गेलेल्याचा, त्याने क्लेम केला नसेल तर, परत येतो. १९३८ च्या विमा कायद्यातलं ६४ व्हीबी हे कलम असं की प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणजे खात्यात ४,००० आणि नव्या जॉइनिंगला ६,५०० लागणार असतील तर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत नाव चढवणारी दुरुस्ती, अडकते. तुझा माणूस समजतो मी कव्हरमध्ये, ईमेलही गेलेला असतो, पण कव्हर सुरूच झालेलं नसतं. दर महिन्याच्या पाच तारखेला आलेले-गेलेले कळव, शिल्लक विचार, आणि एन्डॉर्समेंटचा कागद हातात आल्याशिवाय काम झालं असं धरू नकोस.

हॉस्पिटलची यादी मागताना नुसती पुण्याची मागू नकोस, पिनकोडने माग. तुझी माणसं चिखली, मोशी, दिघी, चाकणकडे राहतात. डेक्कनवरचं नामांकित हॉस्पिटल त्यांच्या रात्रीच्या ॲडमिशनला काय कामाचं? यादीतली चारपाच जवळची नावं घेऊन तिथल्या इन्शुरन्स डेस्कला थेट फोन कर: या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल परस्पर कंपनीने भरणं, आज चालू आहे का? छापील यादी आणि आजची स्थिती यांत फरक पडतो.

कॅशलेसला २०२४ पासून नियम असा आहे की पूर्वपरवानगीचा निर्णय कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. घड्याळ अर्ज पोचल्यापासून धरतात, आणि हॉस्पिटलचा माणूस बिल दुपारी दोनला पाठवतो, ही गोष्ट वेगळी. ठरलेल्या ऑपरेशनची सूचना दोन दिवस आधी आणि तातडीच्या ॲडमिशनची चोवीस तासांत, असं साधारण असतं. आपल्या पॉलिसीत किती ते बघून भिंतीवर लाव.

पावसाळ्यात डेंग्यूचे क्लेम येतात, आणि नाकारले जातात तेही याच काळात. ताप आला म्हणून ‘निरीक्षणासाठी’ दोन दिवस ठेवलं आणि फक्त तपासण्या केल्या, तर कंपनी म्हणते हे ओपीडीत झालं असतं. डॉक्टरांनी ॲडमिट करण्याचं कारण, प्लेटलेटचे आकडे, सलाइन आणि औषधं केस पेपरवर लिहिलेली हवीत. खर्च परत मागायचा असेल तर डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या बिलांसकट, रिपोर्ट, इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर, अपघात असेल तर एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद), आणि रद्द केलेला चेक. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स, हे तुला सांगायला नको, पण तुझ्या माणसांना सांग.

पैशाचं. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून माफी फक्त वैयक्तिक आरोग्य विम्याला मिळाली. ३,६०,००० चा प्रीमियम म्हणजे खरे ४,२४,८००, आणि कायद्याने देणं बंधनकारक नसेल तर त्या ६४,८०० चं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. सीएला विचारून ठेव, बजेट त्या आकड्याने कर. प्रीमियम मात्र धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो आणि कर्मचाऱ्याच्या पगारात तो धरला जात नाही.

पुढच्या वर्षीचा भाव यंदाच्या क्लेमवर ठरतो. दर तीन महिन्यांनी क्लेमची यादी मागव. नूतनीकरणाच्या वेळी कंपनी आलेले क्लेम आणि प्रीमियम यांचं प्रमाण काढते, आणि त्यात मंजूर न झालेल्या, पडून असलेल्या क्लेमचीही रक्कम धरलेली असते. एखादा क्लेम रद्द होऊनही यादीत ‘प्रलंबित’ दिसत असेल तर तो काढायला लाव, त्यानेच भाव चढतो. मुदतीच्या पंचेचाळीस दिवस आधी बाजारात जा. शेवटच्या आठवड्यात गेलास तर सांगतील ती किंमत.

क्लेम अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच नारायण पेठेत आहे. तक्रार फुकट, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख. ग्रुपमधल्या कर्मचाऱ्यालाही तिथे जाता येतं.

आणि नोकरी सोडणाऱ्याला शेवटच्या दिवसाआधी सांग की कव्हर त्या दिवशी संपतं. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज आधीच करावा लागतो. रिलिव्हिंग लेटरमध्येच ही ओळ टाकून दे.

यादी आणि कोरा कागद भरून मला रविवारपर्यंत पाठव, तारखांचा रकाना मी बघतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
कोथरूडकर