तुझे शूज मी धुवून ठेवलेत

बाय,

काल फोनवर तू विचारलंस की आई, तू आपल्या गावच्या या रनच्या मागे एवढी का लागलीयेस, आणि गॅसवर दूध होतं म्हणून मी पटकन फोन ठेवला. प्रश्न मात्र डोक्यातच राहिला. आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत, बाबा झोपलेत आणि मी ओटीवर बसून हे टाईप करतेय. मोठं होणार आहे, सकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाच.

आधी तारखेचं सांगते, कारण तुझं म्हणणं होतं की २६ जानेवारीला ठेवली असती तर तुला सोमवारची जोडून सुट्टी मिळाली असती. मीटिंगमध्ये सगळ्यांचं तेच चाललं होतं, लाँग वीकेंड आहे, बाहेरचे लोक येतील, झेंडावंदन झालं की लगेच बक्षिसं. तेव्हा असगोलीचे एक काका उठले, त्यांचं अख्खं आयुष्य होडीत गेलंय, आणि त्यांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी तिथी काय? कोणीतरी कॅलेंडर बघून सांगितलं, अष्टमी. मग ते म्हणाले, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं, मग पोरं पळणार कुठून? सगळे गप्प. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे सकाळी सहा-साडेसहाला सुकती, म्हणजे ओहोटी, आणि ती उधाणाची सुकती, पाणी लांब आत जातं, पुळण रुंद होते आणि ओली वाळू अशी घट्ट बसते की सायकलचं चाकसुद्धा रुतत नाही. म्हणून शनिवारी पौष पौर्णिमा आणि रविवारी ४ जानेवारीला रन. नंतर आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता काढून ताडून बघितलं, थोड्या मिनिटांचा फरक सोडला तर काकांचं बरोबर होतं. भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्तच, पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे जाते ना, तेवढाच तो फरक. मी जन्मापासून या समुद्राच्या काठावर आहे पण हा हिशोब मला कोणी शिकवला नव्हता, आमच्या लहानपणी मुलींना हे सांगायचंच नाहीत. आता मला येतो, तू आलीस की तुलाही शिकवते.

दहा किलोमीटरची रन रस्त्याने आहे आणि पाचची पुळणीवरून. दहाची सकाळी पावणेसातला सुटेल, पाचची सव्वासातला, चांगलं उजाडल्यावर. तीही वेळ कासवांमुळे ठरली. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडलेच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात हे तुला माहितीये, लहानपणी बाबांनी तुला एकदा पिल्लं सोडताना दाखवली होती. मादी अंधारात येते आणि उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते, असं कासवमित्रांनी मीटिंगमध्ये येऊन समजावलं, म्हणून पुळणीवर हॅलोजन नाही, डीजे नाही, आणि पळायचं फक्त पाण्यालगतच्या ओल्या वाळूवरून. वरच्या कोरड्या वाळूकडे दोरी बांधतोय. डीजेवरून मुलं दोन दिवस रुसली होती. मग त्यांना पहाटे कासवमित्रांबरोबर गस्तीला पाठवलं, परत आल्यावर त्यांनीच दोरी बांधायचं काम मागून घेतलं.

बाबांचं तुला सांगायलाच हवं. रस्ता मोजायचं काम त्यांच्याकडे आहे. पहिल्यांदा तिघांनी मोबाईलवर मोजला तर तीन वेगळे आकडे आले, नारळ-पोफळीच्या खाली जीपीएस उड्या मारतो. मग शाळेतले पीटीचे सर म्हणाले सायकलने मोजू. त्यांनी स्टीलची टेप घेऊन सरळ रस्त्यावर तीनशे मीटर आखले, बाबांनी त्यावरून सायकल चालवली, चाकाला रंगाचा ठिपका, किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं आणि त्या हिशोबाने पूर्ण रस्ता. मोठ्या रनमध्ये चाकाला काउंटर लावतात, त्याला जोन्स काउंटर म्हणतात, पण तत्त्व हेच. गंमत अशी की ऊन चढलं की टायर तापतो, हवा फुगते आणि चाकाचा घेर किंचित वाढतो, म्हणून रस्ता मोजून झाल्यावर परत येऊन तेच तीनशे मीटर पुन्हा मोजायचे. शिवाय वळणावर रनर जशी आतली बाजू धरतो तशीच सायकलने धरायची, आणि हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा टाकायचा, म्हणजे आपली दहाची रन दहा हजार दहा मीटरची. चूक झालीच तर रस्ता जास्त भरावा, कमी भरू नये, असा नियमच आहे. बाबा तीन सकाळी गेले. रिटायर झाल्यापासून एवढ्या उत्साहात मी त्यांना बघितलं नव्हतं, रात्री जेवताना वहीत फेऱ्यांची बेरीज करत बसायचे.

माझ्याकडे पाणी आहे. साडेतीनशे नावं आलीत, प्रत्येकाला एका टेबलवर दीडशे मिली धरलं तर साडेबावन्न लिटर, आणि रस्ता जाऊन-येऊन असल्यामुळे तेच टेबल दोनदा लागतं म्हणजे एकशे पाच, म्हणून प्रत्येक टेबलला वीस लिटरचे सहा जार, म्हणजे थोडं जास्तीचंही राहील. प्लास्टिकचे कप नकोत हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, वाऱ्याने उडून सगळे समुद्रात जातात. वाडीच्या मंडळाचे स्टीलचे ग्लास घेतलेत. त्यावर दोन-तीन जोरात पळणारे नाराज झाले की धावता धावता स्टीलचा ग्लास उचलता येत नाही, वेळ जातो. जाऊ दे ना चार सेकंद. पुढे वीस पावलांवर टोप ठेवणार, रिकामा ग्लास त्यात टाकायचा, आणि ते धुऊन परत टेबलवर आणायला वरच्या पाट वाडीतल्या चार वहिनी तयार झाल्यात. एका टेबलवर कोकम सरबत आहे, आपलं घरचं आगळ, साखर थोडी, मीठ आगळात असतंच.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हा व्हॉलंटियरना बोलावून तासभर शिकवलं, आणि मला त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. आपल्याकडे हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, म्हणून घाटावरच्या थंडीत सराव केलेला माणूस इथे लवकर थकतो. कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर १०८ ला फोन करायचाच, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, जागेवरच सावलीत घेऊन पाणी ओतायचं, बर्फ लावायचा, आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. बर्फ असगोलीहून येणार, मासळीच्या बर्फाच्या दोन पेट्या काकांनी फुकट देतो म्हटलंय. आणि दुसरं, कोणालाही बळेबळे पाणी पाजायचं नाही. नुसतं पाणी फार प्यायल्यानेही रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस आजारी पडतो. तहान लागली तर प्या, एवढंच म्हणायचं. मी तर आग्रह करण्यातच मोठी झालेली बाई, हे मी वहीत लिहून घेतलंय.

बायकांची नावं सुरुवातीला अगदी कमी होती. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली होत्या, त्या रोज पुळणीवर आठशे मीटरचा सराव करतात, पण बाकी कोणी नाही. मी आणि शेजारच्या वहिनी घरोघर गेलो. एका घरी आजी म्हणाल्या पोरीच्या जातीला पळून काय मिळायचंय, तेव्हा मी त्यांना ललिता बाबरचं सांगितलं, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली, पाण्याची बोंब असलेल्या गावातली मुलगी, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचली आणि जगात दहावी आली. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग नातीला म्हणाल्या नाव दे. पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती कुठल्या मीटिंगमध्ये निघाली नव्हती. पहाटे साडेपाचला येऊन थांबायचं तर बाथरूमला जायचं कुठे? पुरुषांच्या हे डोक्यातच येत नाही. स्टार्टजवळच्या सात घरांनी त्या सकाळी बायकांसाठी मागचं दार उघडं ठेवायचं कबूल केलंय, दारावर लाल कापड बांधणार. हे कळल्यावर एका आठवड्यात अठ्ठावीस नावं आली.

आता तुझ्या प्रश्नाचं.

दोन वर्षांपूर्वी तू तिकडे पहिली दहा किलोमीटरची रन केलीस, आठवतंय? संध्याकाळी फोनवर तू सांगितलंस की आठव्या किलोमीटरला पोचलीस तेव्हा टेबल उचलत होते, रस्त्यावर चुरगळलेल्या कपांचा खच, आणि एक मुलगा म्हणाला पाणी संपलं, मॅडम, साईडने चाला. वेळ संपायला अजून पंधरा मिनिटं होती. तू चालत पूर्ण केलीस, तोवर कमानीची हवा काढून झाली होती आणि मेडलच्या खोक्यापाशी कोणी नव्हतं. तू हे सगळं दोन मिनिटांत सांगून विषय बदललास. मी तेव्हा काय म्हटलं, तर जाऊ दे गं, पुढच्या वेळी जोरात पळ. हे मला आजपर्यंत खातंय. तुझा काय दोष होता त्यात? तू नोंदवलेल्या वेळेच्या आतच होतीस. मी तुला अजून जोरात पळ म्हणायला नको होतं.

नंतर गणपतीला आलीस तेव्हा शूज इथेच ठेवून गेलीस. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काढले तर तळवे जवळजवळ नवे होते. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

म्हणून पहिल्या मीटिंगला मी गेले आणि शेवटी हात वर करून एकच गोष्ट मागितली, की शेवटचा माणूस पुढे गेल्याशिवाय कुठलंही टेबल उचलायचं नाही, आणि शेवटचं मेडल देईपर्यंत कमान उभी राहील. कोणी नाही म्हटलं नाही, पण एकाने विचारलं की शेवटचा कोण हे टेबलवाल्याला कळणार कसं. बरोबरच होतं. त्यावर असं ठरलं की शेवटच्या रनरच्या मागे आपला एक माणूस चालेल, निशाण घेऊन, त्याला स्वीपर म्हणतात म्हणे. त्याने पुढच्याला घाई करायची नाही, हाकलायचं नाही, बोलावंसं वाटलं तर बोलायचं नाहीतर नुसतं सोबत राहायचं. निशाण पास झालं की मगच टेबल उचला.

साठ व्हॉलंटियर झालेत, सगळ्यांना कामं वाटून झाली, ते निशाण मी अजून कोणाला दिलेलं नाही.

तू ये. पळायला नको, चालायला ये. शुक्रवारी रात्रीची गाडी मिळाली तर बघ, चिपळूणला उतरलीस की एसटी आहेच, नाहीतर बाबा न्यायला येतील. शनिवारी आराम कर, संध्याकाळी आपण दोघी एकदा रस्ता चालून येऊ, असगोलीकडचं वळण कुठे आहे ते दाखवते. तुला यायला नाही जमलं किंवा यावंसंच नाही वाटलं तर तसं सरळ सांग, मला वाईट वाटणार नाही असं नाही म्हणत, पण मी समजून घेईन आणि निशाण मी स्वतः घेईन, पाण्याचं वहिनी बघतील.

शूज मी धुवून ओटीवर उन्हात ठेवले होते, आता आत घेतलेत. नाड्या जुन्या झाल्यात, नव्या आण. आणि व्हॉलंटियरचे टी-शर्ट उद्या छापायला जातायत, तुला मीडियम सांगू का लार्ज, सकाळी दहाच्या आत कळव.

आई