मार्लीशेजारी किंग टबीलाही जागा द्या

महोदय,

जमैकाचं रेगे संगीत जगभर पोहोचवणारा गायक बॉब मार्ली याच्या स्मृतिदिनानिमित्त (११ मे) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मार्लीबद्दल वाद नाही. पण १९८४चा ‘लेजंड’ हा त्याच्या गाण्यांचा संग्रह ऐकला की रेगे कळलं, हा लेखाचा सूर काही पटला नाही. मी इचलकरंजीत अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो. मला विचाराल तर नवख्याने रेगेच्या आधीच्या रॉकस्टेडी या संगीतापासून सुरुवात करावी.

१९६२ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हा राजधानी किंग्स्टनमध्ये स्का हा नाचाच्या संगीताचा प्रकार जोरात होता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि धावती लय. १९६६च्या सुमारास लय संथ झाली, वाद्यं कमी झाली आणि मोकळ्या जागेत बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, पुढे आली; हेच रॉकस्टेडी. आल्टन एलिस, फिलिस डिलन यांची त्या काळातली प्रेमगीतं ऐका. शब्द कळले नाहीत तरी बेस गुणगुणता येतो. १९६८च्या आसपास त्यातूनच रेगे आलं. त्यातला ‘वन ड्रॉप’ ठेका तबलजींनी तर ऐकायलाच हवा. पहिली मात्रा रिकामी, जोर तिसरीवर. समेची सवय असलेल्याची टाळी हमखास चुकते.

एकाच वाद्यमेळावर अनेकांनी आपापली गाणी म्हणायची, ही तिथली रीत. त्या वाद्यमेळाला ‘रिडिम’ म्हणतात. आपल्या भजनी मंडळात एका चालीत चार अभंग बसवतात, त्यातलाच प्रकार.

माझा माणूस मात्र किंग टबी. खरं नाव ऑस्बर्न रडॉक, पेशा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचा, म्हणजे आमच्यातलाच! वॉटरहाऊस वस्तीत त्याने घरातच स्टुडिओ थाटला. तयार गाण्यातला गायकाचा आवाज तो काढून टाकायचा, ड्रम आणि बेस तेवढे ठेवायचा आणि मध्येच एखादा शब्द किंवा गिटारचा फटका इकोत (प्रतिध्वनीत) सोडून द्यायचा. सगळं टेप चालू असताना, हाताने. कॉम्प्युटर नव्हताच. या प्रकाराला ‘डब’ म्हणतात. आजची रिमिक्सवाली मंडळी ज्याच्या जिवावर जगतात, त्याचा पाया इथे आहे. १९८९मध्ये त्याला घराबाहेर गोळ्या घालून मारलं.

ऑगस्टस पाब्लोची मेलोडिका (फुंकून वाजवायचं छोटं कीबोर्डसारखं वाद्य) आणि टबीचं मिक्सिंग असलेला ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) आधी ऐका. मग बर्निंग स्पिअरचा ‘मार्कस गार्वी’ (१९७५). त्यानंतर निर्माता ली पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतला द काँगोजचा ‘हार्ट ऑफ द काँगोज’ (१९७७). त्या काँगोजमधल्या तिघांचे आवाज असे एकमेकांत मिसळलेत की कोण कुठे गातोय ते सापडत नाही.

१९८५ला टबीच्याच हाताखाली शिकलेल्या किंग जॅमीने कॅसिओ कीबोर्डच्या तयार ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ काढलं आणि रेगेतूनच निघालेला डान्सहॉल हा प्रकार यंत्रावर गेला. तिथून पुढे माझी रुची कमी होते. त्यातल्या काही गाण्यांत समलिंगी लोकांविषयी उघड द्वेष आहे. तेवढी टाळून बाकीचं ऐकावं.

आणि एक विनंती. हे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे स्वर निघतच नाहीत, म्हणजे अर्धं गाणं गेलं. साधा हेडफोनही चालेल.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी