किरणांचा हिशेब शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे किरणोत्सारी औषधे वापरून तपासण्या करणाऱ्या विभागातली तंत्रज्ञ, म्हणून मी नुकतीच नोकरीत रुजू झाले. आपले आभार मी खाजगी पत्रात न मानता सर्वांसमोर मानते आहे, कारण बी.एस्सी. झाल्यावर बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा एवढेच दोन रस्ते ठाऊक असलेली मुले-मुली आपल्या रावेर-यावल भागात आजही पुष्कळ आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ पासून आहे आणि विज्ञानाच्या पदवीधरांना तिथे या कामाचे रीतसर शिक्षण मिळते, हे मला प्रथम आपल्याकडूनच कळले.

माहिती देऊन आपण थांबला नाहीत. ‘किरणांच्या कामात पोरीला धाडणार नाही’ असे नानांनी ठरवून टाकले होते, तेव्हा आपण स्वतः आमच्या घरी आलात. ओसरीवर कापणी करून ठेवलेल्या केळीच्या घडांकडे बोट दाखवून आपण त्यांना सांगितलेत, की केळ्यातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो, आणि आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचेही तेच आहे. प्रश्न किरण असण्याचा नसून ते किती, किती वेळ आणि किती अंतरावरून, एवढाच असतो. कर्मचाऱ्याच्या छातीवर, अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक काळाने तपासला जातो, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) ही मर्यादा पाळावीच लागते, हेही आपण त्यांना सांगितलेत. नाना त्या दिवशी फार बोलले नाहीत, पण अर्जासाठी लागणाऱ्या दाखल्यांकरिता दुसऱ्याच दिवशी तहसील कार्यालयात गेले.

कॉलेज सुटल्यावर आपण घातांकी ऱ्हासाची, म्हणजे किरणोत्सार काळानुसार कसा घटत जातो याची, जी गणिते पुनःपुन्हा करून घेतलीत, तीच हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, माझ्या उपयोगी पडली. तिथे सकाळी, मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होते त्या जनरेटर नावाच्या उपकरणातून सलाइनच्या साहाय्याने टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य काढतात, त्यात मॉलिब्डेनम उतरलेले नाही ना हे तपासतात, आणि मग शिशाच्या आडोशामागे प्रत्येक रुग्णाचा डोस तयार करतात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. त्यामुळे अकरा वाजता २० मिलिक्युरी (किरणोत्साराचे एकक) द्यायचे असतील, तर आठ वाजता सुमारे २८ मिलिक्युरी भरून ठेवावे लागतात. रुग्ण उशिरा आला की हिशेब बदलतो, आणि तो तिथल्या तिथे करावा लागतो. सोबतच्या काही जणांना लॉगॅरिदमची धास्ती होती. मला ती वाटली नाही, आणि याचे श्रेय मी निःसंकोचपणे आपल्याला देते.

प्रशिक्षणातला एक प्रसंग आपल्याला सांगायचाच होता. हाडांच्या स्कॅनसाठी खान्देशातून आलेल्या एक आजी इंजेक्शन घ्यायला तयार नव्हत्या. मी त्यांच्याशी अहिराणीत बोलले. औषध हाडांत पोहोचायला सुमारे तीन तास लागतात, तोवर भरपूर पाणी प्यायचे, म्हणजे उरलेले औषध लघवीवाटे निघून जाते आणि चित्र स्वच्छ येते, हे मी त्यांना सावकाश समजावले. आपण नानांशी बोलताना एकही प्रश्न टाळला नव्हता, म्हणून मीही त्यांचा एकही प्रश्न टाळला नाही. आजींनी हात पुढे केला. मशीनवर घेण्याआधी या कामाचा निम्मा भाग असा बोलण्यातच जातो, असे माझे मत झाले आहे.

सर, आपण माझ्याकडून शिकवणीचे पैसे घेतले नाहीत आणि काकूंनी मला कधी उपाशीपोटी घरी जाऊ दिले नाही. त्या दोन्ही गोष्टींबद्दल मी आपल्या दोघांची ऋणी आहे.

दिवाळीत मी गावी येणार आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षेची तयारी, अभ्यासक्रम आणि हॉट लॅबमधले काम यांविषयी सांगायला मला मनापासून आवडेल. ज्यांच्या घरी अजून परवानगी मिळालेली नाही अशा मुलींची नावे आपण काढून ठेवावीत. त्यांच्या घरी आपण दोघे जाऊ, नानाही सोबत येतो म्हणाले आहेत.

आपली विद्यार्थिनी