दिव्याच्या उजेडात थांबेल एवढाच वेग

नागपूर
2 जून

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

मृग तोंडावर आलाय आणि तू दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर चंद्रपूरहून रात्रीच निघणार म्हणतोस. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी हा रस्ता तू दिवसा पाहिलाय. अंधारात, पावसात त्याच्यावर गाडी चालवायची तर बऱ्याच गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात. फोनवर अर्ध्या राहतील, म्हणून लिहून पाठवतेय.

आधी वेगाचा हिशेब. डिपरवर, म्हणजे हेडलाइट खाली असताना, गाडीचा कामाचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटर पडतो. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धर. तेवढ्यातच 33 मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 35, ओल्यावर 60 च्या वर. म्हणजे ओल्या रस्त्यावर 95 मीटर लागणार आणि दिसतंय फक्त पन्नास. ताशी 50 ला हाच हिशेब 21 अधिक 24, म्हणजे 45 मीटर. म्हणून पावसात डिपरवर असताना 50 च्या वर जाऊ नकोस. मागचा ट्रॅव्हल्सवाला हॉर्न वाजवत राहील. डाव्या बाजूला हो आणि त्याला जाऊ दे.

हे एवढं मोजून सांगायचं कारण म्हणजे रस्त्यावर उभी असलेली गाडी. पंक्चर झालेला ट्रक कडेला, कधी अर्धा रस्त्यातच उभा असतो. मागचे दिवे बंद आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. पेरणीच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्याही असतात. दुभाजक आहे म्हणजे समोरून कुणी येणार नाही, असंही धरू नकोस. पुढच्या कटपर्यंतचा वळसा टाळायला गावातल्या दुचाक्या उलट दिशेने, अगदी कडेने येतात. गाव जवळ आलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेलाच असू दे.

रस्ता सगळ्यात निसरडा कधी असतो? मुसळधार पावसात असतो त्याहून जास्त, पहिल्या सरीनंतरच्या अर्ध्या तासात. उन्हाळाभर सांडलेलं तेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ थोड्या पाण्यात कालवली जाते आणि त्याचा बुळबुळीत थर बसतो. जोराचा पाऊस पडला की तो धुऊन जातो. तुझ्या रस्त्यावर त्यात दोन गोष्टींची भर आहे. भद्रावती-वरोऱ्याकडे कोळशाच्या ट्रकांतून सांडलेली काळी भुकटी आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती. ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत असल्यासारखा वागतो. शेताच्या वाटेच्या तोंडाशी रस्त्यावर गडद पट्टा दिसला तर त्याच्या आधीच वेग कमी कर. पट्ट्यावर ब्रेकही नको आणि स्टिअरिंगला झटकाही नको. पुलाचे लोखंडी जोड आणि पांढरे रंगवलेले पट्टे यांवरही तेच.

साचलेल्या पाण्याचा धोका वेगळा. टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ मिळाला नाही तर टायर पाण्यावर चढतो आणि रस्त्याला टेकतच नाही. ताशी 80 च्या आसपास हे चांगल्या टायरचंही होऊ शकतं, घासलेल्या टायरचं त्याच्या बरंच आधी. खूण अशी की स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. ब्रेक मारू नकोस. ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, टायर पुन्हा टेकल्याचं जाणवेल. ओल्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न ठेवता वेग कायम राखणारी सोय, लावायचा नाही तो याचसाठी.

वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोड आणि स्टिअरिंग आणखी वळवण्याऐवजी किंचित सैल कर. मागचा भाग घसरला तर नजर जायचंय तिकडे ठेव आणि स्टिअरिंग त्याच दिशेला फिरव, हळू. अचानक थांबायची वेळ आली तर तुझ्या गाडीला एबीएस आहे: ब्रेक पूर्ण दाब आणि दाबूनच ठेव. पायाखाली धडधड होईल, ती यंत्रणा काम करतेय म्हणून. बरेच जण घाबरून तिथेच पाय उचलतात. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक मारतानाही गाडी वळवता येते. पण निसरड्या रस्त्यावर लवकर थांबवण्याची जादू त्यात नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर हवं. ती एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लाग. तू तिथे पोचेपर्यंत कोरड्यात दोन सेकंद, पावसात चार सेकंद व्हायला हवेत.

आता टायर. गाडी सेकंडहँड आहे, तेव्हा हे याच आठवड्यात बघ. खाचेत मधेमधे लहान उंचवटे असतात. रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं की 1.6 मिलिमीटर उरलं आणि कायद्याने तो टायर संपला. पावसासाठी मी 3 मिलिमीटरलाच बदलीन. बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, खाचा खोल दिसल्या तरी पकड कमी. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे बसवून घे. दुकानदार पुढे बसवायला सांगेल, ऐकू नकोस; मागचा भाग घसरला तर सावरणं जास्त कठीण जातं. हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच.

काच रात्री फार महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या उन्हाने वायपरचं रबर उन्हाळ्यात भाजून निघतं, पावसात ते फटफट आवाज करतं आणि काचेवर रेघा ओढतं. समोरून उजेड आला की त्याच रेघा चमकतात. काच आतूनही पुस, आत तेलकट थर बसतो. पावसात आतून धुकं धरलं तर एसी लाव, हवा काचेवर घे आणि बाहेरची हवा आत येऊ दे. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काच मिनिटभरात साफ होते. डिकीत सामान असलं की गाडीचं नाक वर होतं आणि आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली करायचं चाक आहे, ते वापर. समोरच्याने अप्पर, म्हणजे वरचा झोत, लावून ठेवला तर त्याच्या दिव्यात बघू नकोस. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ने आणि वेग उतरव. पावसात चारही इंडिकेटर लावून चालायची पद्धत पडलीय, ती उचलू नकोस. तू लेन बदलतोयस हे मागच्याला कळतच नाही.

भद्रावती-वरोऱ्याच्या पट्ट्यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. रोही बऱ्याचदा एकटा नसतो. एक पार झाला तर दुसरा मागे आहेच असं समज. आडवं काही आलंच तर सरळ रेषेत ब्रेक मार. चुकवायला स्टिअरिंग झटकलं तर गाडी उलटते किंवा ट्रकखाली जाते.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांब. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, दोन फुटांत जवळपास कुठलीही गाडी वाहून जाते, आणि खालचा रस्ता खचलाय का हे रात्री दिसत नाही. शहरातही तेच, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे इथला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा रोजच्या रस्त्यांवर गाड्या बुडाल्या होत्या. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. थोड्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळव.

झोप आली तर गाणी, खिडकी यांनी काही होत नाही. ताशी 90 ला चार सेकंद डुलकी लागली तर 100 मीटर गेले. जामला उजेडाच्या ढाब्यावर थांब, चहा किंवा कॉफी घे आणि लगेच वीस मिनिटं झोप. चहा-कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. पहाटे दोन ते पाच मात्र रस्त्यावर नकोच. उशीर झाला तर तिकडेच झोप आणि शनिवारी उजाडल्यावर निघ.

गाडी बंद पडली तर लाल त्रिकोण पन्नास मीटर तरी मागे ठेव आणि तू रेलिंगपलीकडे उभा राहा, गाडीत बसू नकोस. मदतीचा नंबर राष्ट्रीय महामार्गासाठी 1033, एरवी 112.

वायपरची मापं दोन्ही बाजूंची वेगळी असतात. दोन्ही पट्ट्या मोजून इंचांत लांबी कळव, इथून घेऊन ठेवते. टायरवरचे चार आकडेही फोटो काढून पाठव, चारही टायरचे.

तुझी
आई